जुन्या मराठी फाइलमध्ये सगळी इंग्रजी गिचमिड दिसतेय, फाइल करप्ट झाली का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी गावातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि १९९९ च्या सुमारास तालुक्याच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, पण पुस्तक काही निघालं नाही आणि सीडी कपाटातच राहिली. आता वडील नाहीत, सीडी उघडलीत तर वर्डच्या फाइलींमध्ये सगळी इंग्रजी अक्षरं, मंगल फॉन्ट लावून बघितलात तरी तेच, आणि त्यातला थोडा नमुना इथे दिलात. मग तीन प्रश्न : फाइल करप्ट झाली का, ऑनलाइन कन्व्हर्टर वापरू का, की प्रिंटवरून परत टाइप करून घेऊ.

पहिल्याचं उत्तर आधी देते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. फाइल करप्ट नाहीये. करप्ट फाइल एकतर उघडतच नाही, नाहीतर चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच कोरी जागा असलं काहीतरी दाखवते. तुम्ही जो नमुना दिलाय त्यात शब्द शब्दांसारखे आहेत, मधे स्पेस आहेत, ओवीची ओळ जिथे संपायला हवी तिथे संपतेय. म्हणजे वडिलांनी टाइप करून घेतलेलं अक्षर न् अक्षर तिथे आहे, फक्त ते अक्षर म्हणून ठेवलेलं नाहीये, अक्षराच्या तुकड्यांचं चित्र म्हणून ठेवलंय. त्यामुळे दुरुस्त असं काही करायचं नाहीये, ही फाइल कुठल्या फॉन्टच्या कोष्टकाने (म्हणजे कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठला मराठी तुकडा बसवलाय त्या यादीने) लिहिली गेली ते शोधायचं आणि ते कोष्टक उलटं फिरवायचं. मी १९९५ पासून सांगलीत डीटीपी करते, पहिली दहा-बारा वर्षं असल्याच फाइली तयार केल्या आणि गेली बरीच वर्षं त्याच फाइली परत उलगडून देते, त्यामुळे दोन्ही बाजू हाताखालून गेल्यात.

हे असं का झालं ते थोडं समजून घ्या, कारण ते कळल्याशिवाय कन्व्हर्टर कुठे चुकतो ते कळत नाही. त्या काळच्या विंडोजमध्ये एका फॉन्टमध्ये २५६ खाचे असायचे, त्यातले काही वापरता न येणारे, म्हणजे हातात दोनशेच्या जरा वर. इंग्रजीला ते भरपूर होतात. मराठीला सगळी व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, जोडाक्षरं, काना मात्रा वेलांट्या असं धरलं तर ते पुरत नाहीत. मग फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडले, अर्धा ष वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, आणि ते तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरना वाटायचं आपण इंग्रजीच टाइप करतोय, फक्त फॉन्ट वेगळा, आणि कागदावर झकास मराठी छापून यायचं. प्रेसवाल्याला कागदाशी मतलब, आम्हालाही तेव्हा एवढंच कळत होतं, वीस वर्षांनी कुणीतरी या फाइलीत शोधायला जाईल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

जवळून दाखवते. समजा तुमची फाइल कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात "ओवी" हा शब्द पाच इंग्रजी अक्षरांत पडलेला असतो : व्ही, के, एस, ओ, एच, सगळी लहान लिपीतली. व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा, ओ म्हणजे व, आणि एच म्हणजे दुसरी वेलांटी. बघा, "ओ" हे एक अक्षर आहे पण फाइलमध्ये ते तीन तुकडे आहेत. "ओव्या" असेल तर पुढे मोठा ओ म्हणजे अर्धा व, मग अर्धविराम म्हणजे य, आणि परत के म्हणजे काना. हो, अर्धविरामाच्या खाच्यात य बसवलेला आहे, म्हणून तुम्हाला शब्दाच्या मधेच अर्धविराम दिसतायत, ती खराबी नाहीये.

आता "दिवस" घ्या. एफ, एन, ओ, एल. यातला पहिला एफ म्हणजे पहिली वेलांटी, द च्या आधी टाइप केलेली, कारण डोळ्याला ती आधी दिसते. आणि "सूर्य" घ्या : एल, डब्ल्यू, अर्धविराम, मोठा झेड. म्हणजे स, दुसरा उकार, य, आणि रफार सगळ्यात शेवटी, कारण टाइपरायटरवर तो शेवटी मारायचा. आपण बोलताना मात्र र् आधी आणि य नंतर म्हणतो. म्हणजे या फाइलींमध्ये दिसण्याचा क्रम ठेवलाय, उच्चाराचा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, बरोबर उलट आहे, तिथे उच्चाराचा क्रम ठेवायचा आणि वेलांटी कुठे काढायची, रफार कुठे चढवायचा हे फॉन्ट आणि सॉफ्टवेअरने बघायचं. म्हणून नुसतं या अक्षराऐवजी ते अक्षर असं फाइंड-रिप्लेस मारून काम होत नाही, वेलांटी उचलून व्यंजनाच्या नंतर न्यावी लागते आणि रफार उचलून व्यंजनाच्या आधी आणावा लागतो, आणि तोही नेमका किती अक्षरं आधी हे त्या शब्दातलं जोडाक्षर केवढं आहे त्यावर.

यातली मला कायम चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे बरोबर रस्ता तेव्हाही माहीत होता. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर काम झालं होतं, त्यातून कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट हे तंत्र आलं आणि ते पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं, सीडॅकची स्थापनाच १९८८ ची. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसवर मराठी दिसायचं आणि आत साठवलं जायचं ते इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या कोडमध्ये, म्हणजे अक्षर म्हणून, उच्चाराच्या क्रमाने. इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली आहे. म्हणजे आज तुमच्या मोबाइलवर मराठी ज्या क्रमाने साठवलं जातं त्याचं मूळ आपल्याकडचंच आहे. पण छपाईचं जग पेजमेकरवर चालत होतं आणि पेजमेकरला इंग्रजीसारखा वागणारा फॉन्टच लागायचा. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट युनिकोड देवनागरी आलं तरी पेजमेकर शेवटच्या आवृत्तीपर्यंत ते शिकला नाही, आणि आम्ही छपाईवाले त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या फॉन्टवरच राहिलो. तुमच्या वडिलांची सीडी नेमकी या मधल्या काळातली आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळ्यात आधी सीडीची आख्खी कॉपी दोन ठिकाणी करून ठेवा, फाइल न उघडता, जशीच्या तशी. पंचवीस वर्षं जुनी सीडी परत परत फिरवू नका, एखादी फाइल वाचायला अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, माझ्याकडे एका मशीनवर न वाचलेल्या सीड्या दुसऱ्या मशीनवर वाचल्या गेल्यात. आणि मूळ फाइलवर काहीही सेव्ह करू नका. तुम्ही मंगल लावून बघितलात म्हणालात, ते सेव्ह केलं नसेल अशी आशा करते, कारण फॉन्टचं नाव हीच या सगळ्याची किल्ली आहे आणि ते पुसलं की मग अंदाजाने चाचपडावं लागतं. सेव्ह झालं असेल तरी सीडीवरची प्रत तशीच असणार, तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

मग कॉपी केलेली फाइल उघडा, गिचमिडीवर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं. कृतिदेव असेल तर सरळ मामला आहे. श्री-देव आणि पुढे आकडा असेल तर ते मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या श्री-लिपी या सॉफ्टवेअरचं, डीव्ही किंवा डीव्हीबी ने सुरू होऊन पुढे सुरेख, योगेश असलं नाव असेल तर ते सीडॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरचं, आकृती असेल तर आकृतीचं. प्रत्येकाचं कोष्टक वेगळं आणि कधीकधी एकाच घराण्यातही दोन-तीन कोष्टकं असतात, म्हणून नाव पूर्ण टिपून घ्या, आकड्यासकट. नाव मिळालंच नाही तर माझी एक जुनी पद्धत आहे : मराठीत काना सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे फाइलमध्ये कुठलं चिन्ह सगळ्यात जास्त वेळा आलंय ते मोजायचं, ते बहुतेक काना असतं. लहान के जागोजागी दिसत असेल तर कृतिदेवचं घराणं समजा.

दुसरा प्रश्न ऑनलाइन कन्व्हर्टरचा. वापरा, पण आंधळेपणाने नको. कन्व्हर्टर म्हणजे एक लांबलचक कोष्टक आणि वेलांटी-रफार हलवायचे चार नियम. कोष्टकाचा क्रम महत्त्वाचा असतो, जोडीचे तुकडे आधी आणि सुटे नंतर बदलावे लागतात. कृतिदेवमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा ष आणि त्यापुढे के आला की पूर्ण ष, आता कन्व्हर्टरने आधीच सगळे के काने करून टाकले तर मागे नुसता पाय मोडका ष् आणि सुटा काना राहतो. वर्डची ऑटोकरेक्टही इथे घात करते, फाइलीत काही टाइप केलंत की ती सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकते आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करते, मग ष च्या जागी नुसतं अवतरणचिन्ह येतं आणि ओळीच्या सुरुवातीचा म अर्धा होतो. म्हणून कुठलीही जुनी फाइल उघडायच्या आधी ऑटोकरेक्ट बंद. आणखी एक, तुमच्या फाइलमध्ये अधूनमधून खरं इंग्रजी किंवा वेगळ्या फॉन्टमधले आकडे असतील तर आख्खा मजकूर कॉपी-पेस्ट केल्यावर तेही मराठी समजून बदललं जाईल आणि तिथे खरीखुरी गिचमिड तयार होईल. मी लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आधी नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करते, कारण त्यात कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे ही माहिती शाबूत राहते, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने फक्त त्या फॉन्टचे तुकडे बदलते. प्रोग्रामिंग येत नसेल तर फाइंडमध्ये फॉन्टवरून शोधायची सोय आहे, ती वापरून इंग्रजी तुकड्यांना आधी खुणा करून ठेवा.

ही कोष्टकं आज मिळतात ती लोकांनी बनवून उघडी ठेवली म्हणून. कुणीतरी आपल्या गरजेपुरतं कोष्टक लिहिलं, कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवला, दुसऱ्याने त्यात राहून गेलेलं जोडाक्षर घातलं, तिसऱ्याने मराठीतला ळ आणि ऱ्य तपासला. ओपन सोर्स म्हणजे फुकट सॉफ्टवेअर एवढंच बऱ्याच जणांना वाटतं, मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की चूक सापडली तर ती तुम्ही स्वतः उघडून बघू शकता आणि दुरुस्त करून पुढच्यासाठी ठेवू शकता. म्हणून कन्व्हर्टर निवडताना शक्यतो ज्याचा कोड उघडा आहे तो निवडा, बंद वेबसाइटवर काय चुकतंय ते कळायला मार्ग नाही. युनिकोड मराठी नीट दिसायलाही अशाच कामांचा हात आहे. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मोकळ्या परवान्याखाली दिले आणि ते तयार करण्यात मॉड्युलर इन्फोटेकच होती, श्री-लिपीवालीच. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांत वेलांटी आणि रफार जागेवर बसवायचं काम हार्फबझ नावाची एकच उघडी लायब्ररी करते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या ओव्यांमध्ये नक्की होऊ शकते. एका गावाच्या इतिहासाची पुस्तिका मी कन्व्हर्टरमधून काढून दिली, वरवर चाळली, चांगली वाटली. निवृत्त मास्तरांनी प्रूफ वाचलं आणि पहिल्याच पानावर लाल पेन : देवळाच्या "पायऱ्या" सगळीकडे "पायर्या" झालेल्या. आडवा र आणि रफार यातला फरक कन्व्हर्टर करणाऱ्याला माहीतच नव्हता, कारण हिंदीत त्याची गरज पडत नाही, मराठीत मात्र आचाऱ्याला आणि आचार्याला यात स्वयंपाकी आणि गुरू एवढं अंतर आहे. त्या दिवसापासून कन्व्हर्ट झाल्यावर मी पहिल्यांदा वाऱ्या, पायऱ्या, दऱ्या, कोऱ्या हे शब्द शोधते. त्यातही एक गुंता आहे, आडवा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि दुसरी साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. दोन्ही दिसतात सारखे, पण एक टाइप करून शोधलं तर दुसरा सापडत नाही. पहिली पद्धत घ्या आणि सगळ्या फाइलीत तीच ठेवा. ॲ चंही तसंच, तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्याआधी अ वर चंद्र चढवून लिहायचे, ओव्यांमध्ये तो फारसा नसेल पण वडिलांच्या प्रस्तावनेत असू शकेल.

तिसरा प्रश्न, परत टाइप करावं का. हे परिस्थितीवर आहे. वीस-पंचवीस पानं असतील आणि स्वच्छ प्रिंट हातात असेल तर सरळ टाइप करून टाका, कन्व्हर्टरच्या मागे लागण्यापेक्षा लवकर होईल. शंभराच्या वर पानं असतील तर कन्व्हर्ट करा, त्याला अर्धा दिवस लागेल आणि प्रूफला आठ-दहा दिवस, तेवढे धराच. फाइल उघडतच नसेल आणि फक्त प्रिंट असेल तर स्कॅन करून टेसरॅक्ट वापरा, हे मुळात एचपी कंपनीत तयार झालेलं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर, २००५ मध्ये उघडं केलं गेलं, मराठी त्याला येतं, चांगल्या लेझर प्रिंटवर बरंच बरोबर काढतं, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर दमतं. सीडीवर वर्डशिवाय पेजमेकरच्या फाइली असतील तर त्याही टाकून देऊ नका. डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट म्हणून एक गट आहे, मेलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली उघडता याव्यात म्हणून लायब्रऱ्या लिहितो, त्यांच्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय आहे. प्रत्येक फाइल उघडेलच असं नाही, पण प्रयत्न करून बघण्यासारखं आहे, कारण शेवटच्या दुरुस्त्या बऱ्याचदा पेजमेकरमध्येच केलेल्या असतात आणि वर्डच्या फाइलीत त्या नसतात. आमच्याकडे सर्रास तसंच व्हायचं.

प्रूफबद्दल एक कळकळीने सांगते. ओव्या बोलीत असतात. "व्हती", "म्हनून", "न्हाई" असं असेल तर ते तसंच राहू द्या, स्पेलचेक लावू नका, आणि टाइप करायला दुसऱ्याला दिलंत तर त्याला आधीच बजावून सांगा, कारण आम्हा डीटीपीवाल्यांचा हात आपोआप शुद्ध लिहितो. १९९९ च्या त्या ऑपरेटरनेही काही ठिकाणी असं केलेलं असू शकतं. म्हणून वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्या घरात कुठे असतील तर त्या शोधा, खरं मूळ तेच, सीडी ही त्याची नक्कल. एखादा शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, १८५७ च्या आवृत्तीत शेतीचे, जात्याचे, घरातल्या भांड्यांचे असे शब्द सापडतात जे नंतरच्या कोशांतून गळाले. आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या साइटवर येत राहिल्यात, तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव कसं दिलंय ते बघून घ्या. वडिलांनी नावं टिपली असतील तर ती ओवीपासून सुटी होऊ देऊ नका, कन्व्हर्ट करताना कंसातली नावं आणि तळटिपा सगळ्यात आधी गळतात.

काम झाल्यावर ठेवायचं कुठे हे तुम्ही विचारलं नाहीत, पण परत तीच सीडी कपाटात जायला नको. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये युनिकोड, त्याची पीडीएफ, आणि सोबत मूळ जुनी फाइल आणि फॉन्टचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी, असं एकत्र ठेवा. मूळ का, तर उद्या माझ्यासारखी एखादी चूक सापडली तर परत मागे जाता आलं पाहिजे. विकिस्रोत या ऑनलाइन मोकळ्या ग्रंथसंग्रहावर साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेलं साहित्य लागतं, त्यामुळे तुमचं हस्तलिखित तिथे लगेच बसणार नाही, इंटरनेट आर्काइव्हवर मात्र ठेवता येईल. वडिलांनी लिहिलेल्या प्रस्तावनेचे आणि टिपांचे हक्क आता तुम्हा वारसांचे, तेव्हा घरच्यांशी बोलून कुठल्या परवान्याखाली द्यायचं ते ठरवा. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या कुणी हयात असतील तर आधी त्यांना जाऊन वाचून दाखवा आणि विचारा, त्यांचीच ती ठेव आहे.

आत्ता एवढंच करा : फॉन्टच्या चौकटीतलं पूर्ण नाव, फाइलच्या पहिल्या चार ओळींची गिचमिड जशीच्या तशी, आणि प्रिंट असेल तर त्याच चार ओळींचा फोटो इथे टाका. तिन्ही शेजारी ठेवली की कुठलं कोष्टक लागतं ते मी बघून सांगते, आणि पायऱ्यांचा र नीट येतो का तेही त्यातच तपासू.